घोरपडीच्या दिव्याचा तपास

आजही कुठे खिडकीतल्या एसीची घरघर कानावर पडली की ती घटना आठवते आणि, खरं सांगतो, डोकं तापतं. लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या केसेस विचारतात. निवृत्त अधिकारी दिसला की 'साहेब, एखादा भारी किस्सा होऊन जाऊ द्या' हे ठरलेलंच. मी मात्र एका घोरपडीची केस सांगतो. तिच्यात वर्दी नव्हती, ठाणं नव्हतं, हाताखाली शिपाई नव्हता, आणि हद्द तर माझी नव्हतीच नव्हती. ती घडली दुबईच्या टोकाला, अल कुसैसमध्ये, माझ्या मुलीच्या फ्लॅटमध्ये. माणसांची नावं घेणार नाही, ती सवय जुनी आहे. घोरपडीचं नाव तेवढं सांगतो, कारण ती माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावायची शक्यता कमी. तिचं नाव बिस्किट.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच मुलीकडे राहायला गेलो होतो. सप्टेंबर चालू होता. बाहेर पाऊल टाकलं की तोंडावर भट्टीची धग यायची. घरात मात्र उलटीच तऱ्हा. प्रत्येक खोलीच्या खिडकीत एक एसी, आणि माणूस खोलीत असो नसो, तो चालूच. काचांना काळी फिल्म, वर जाड पडदे. भर दुपारी ट्यूबलाइट लावून पेपर वाचायचा आणि पायात मोजे घालून बसायचं. दोन दिवसांत माझे गुडघे बोलायला लागले. 'जावईबापू, जरा त्या एसीकडे बघा की हो,' म्हटलं की जावई काळजीने विचारायचे, 'का हो अण्णा, गरम होतंय?' आणि उठून आणखी वाढवून यायचे! कर्म माझं.

जावई सिव्हिल इंजिनीअर, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांची ड्यूटी दोन तुकड्यांत असायची. सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी यायचं, थोडं पडायचं, पुन्हा ऑफिस, आणि मग अंधार पडल्यावर परत. मुलगी दुबईतल्याच देरा भागात एका कार्गो कंपनीत अकाउंट्स बघायची, ती सकाळी गेली की संध्याकाळीच. नात बारा वर्षांची, तिथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. 'बाळा, जेवलीस का गं?' 'येस आजोबा, आय एट.' आम्ही तेवढ्यावर समाधान मानायचो.

या नातीला वाढदिवसाला कुत्रा हवा होता. बिल्डिंगमध्ये कुत्र्याला बंदी. मांजर म्हणावं तर तिच्या आईला शिंका. शेवटी शारजाच्या प्राण्यांच्या बाजारातल्या एका दुकानातून ही घोरपड आली. आफ्रिकेतल्या माळरानावरची जात, अजून पिल्लूच, शेपटीसकट हातभर. आपल्याकडे घोरपड बाळगली तर वन्यजीव कायद्याखाली माणूस सरळ आत जातो. मी स्वतः काहींना आत टाकलेलं. आणि इथे माझीच नात अभिमानाने तिची पेटी दाखवत होती! माझा कायदा तिथे चालत नव्हता म्हणून गप्प बसलो, पण हात शिवशिवत होते.

घरात या जनावराचे वैरी दोन. एक आमची ही. तिला पालीचं भय, त्यात ही पालीची थोरली बहीण. ती त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडत नसे. किड्यांच्या डब्याची किंमत कळल्यावर तर ती म्हणाली, 'दहा दिरहम? म्हणजे सव्वाशे रुपये! किड्यांना? सव्वाशेत आपल्याकडे आठवड्याची भाजी येते.' दुसरे वैरी जावई. त्यांचा रोजचा त्रागा ठरलेला. 'काय ते ध्यान आणलंय घरात! वास मारतं. परत करून टाका. घर आहे की प्राणिसंग्रहालय?'

पोरगी मात्र कामाला पक्की होती. पेटीत तिने चांगला कोपरापर्यंत हात बुडेल एवढी खोल माती भरली होती, कारण या जातीला उकरून आत शिरायला लागतं. एका टोकाला वर मोठा दिवा, खाली सपाट दगड. सकाळी उठून त्या दगडावर आडवं पडायचं, अंग चांगलं तापवायचं आणि मग शिकारीला लागायचं, असा या प्राण्याचा दिनक्रम. तापल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. नात रोज जिवंत रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून त्याला द्यायची, पाणी बदलायची, घाण काढायची. जबरदस्तीने कधी उचलायची नाही. पेटीत हात ठेवून नुसती बसायची, पिल्लाने आपणहून जवळ यावं म्हणून. माझ्या हाताखालच्या काही फौजदारांनी लॉकअपची एवढी काळजी घेतली असती तर माझी बरीच चौकशी वाचली असती.

फिर्याद तिनेच आणली. शाळेतून आली ती सरळ माझ्या खुर्चीपाशी. पापण्या ओल्या.

'आजोबा, यू वेअर पोलीस ना? समवन इज स्विचिंग ऑफ माय लॅम्प.'

तिचं म्हणणं असं. सकाळी शाळेत जाताना ती दिवा लावून आणि तिच्या खोलीतला एसी बंद करून जाते. परत येते तेव्हा दिवा बंद आणि एसी पूर्ण जोरात. असं काही आठवडे चाललंय. बिस्किट आता खात नाही, दगडावर चढत नाही, एका कोपऱ्यात पडून असतं. आईला सांगितलं तर आई म्हणते, तूच विसरतेस.

मी म्हटलं, 'बघतो.' मनात म्हटलं, झालं! आयुष्यभर दुनियेच्या भानगडी निस्तरल्या, आता घोरपडीची राहिली होती.

घटनास्थळाची पाहणी केली. एसीचं तोंड नेमकं पेटीवर. पेटीची काच हाताला थंडगार. घोरपड डोळे अर्धवट मिटून पडलेली. तिला बघून मला आमच्या एका ग्रामीण ठाण्यातली थंडी आठवली. शिकाऱ्याकडून जिवंत घोरपड जप्त केली होती आणि वनखात्याचे लोक येईपर्यंत मुद्देमाल म्हणून ती आमच्याच गळ्यात पडली. सकाळी बघावं तर हालचाल नाही. हवालदाराची बोबडी वळली, मुद्देमाल मेला तर जबाब कोण देणार? मी टोपलीसकट तिला अंगणात उन्हात ठेवायला लावलं. तासाभरात बाईसाहेब अशा काही पळाल्या की अख्खं ठाणं मागे. तेव्हा थंडीत हे जनावर मेल्यागत होतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे नातीचा दिवा हा लाडाचा मामला नव्हता, त्या पिल्लाचा जीव त्या दिव्यावर होता.

मग संशयित. दिवसा घरात आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, आणि दुपारपुरते जावई. पहिला जबाब अर्थातच हिचा घेतला. रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की हात बटणाकडे गेलाच, अशी हिची जन्माची खोड.

'तू बंद करतेस का तो दिवा?'

'मी? त्या खोलीत? अहो, तुम्ही सोन्याच्या पाटल्या देतो म्हणालात तरी जायची नाही मी!'

'खरं सांग.'

'आता माझ्यावर संशय? एवढ्या वर्षांचा संसार केला तो काय हे ऐकायला? तुमच्या त्या पोलिसी आवाजात माझ्याशी बोलायचं नाही, सांगून ठेवते.'

त्या संध्याकाळी मला चहा मिळाला नाही. पण खोटं बोलणारा माणूस जास्तीचे तपशील देतो, ही नुसती भडकली होती. तिला मी यादीतून काढलं. मग उरले जावई. हेतूही सापडला, जनावराचा राग. दिवा बंद करायचा, पिल्लू मरतुकडं झालं की पोरीच्या हलगर्जीपणावर बोट ठेवायचं आणि परत करून मोकळं व्हायचं. सरळ सरळ केस. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मंगळवारी जेवणाच्या टेबलावर वादाला तोंड फुटलं. मुलगी ऑफिसातून दमून आलेली, शाळेतून परस्पर शिकवणीला गेलेल्या नातीलाही घेऊन आलेली, आणि आल्या आल्या तिने नातीच्या खोलीत डोकावलं आणि तिचा पारा चढला.

'पुन्हा तेच! दिवा बंद, एसी फुल. विसरतेस स्वतः आणि वर म्हणतेस कुणीतरी करतं! कोण करतं? भूत?'

'आय डिडन्ट, मम्मा. आय स्वेअर.'

जावई ताटातून मान वर न करता म्हणाले, 'खोटं बोलायचं नाही. प्राणी सांभाळता येत नसेल तर तसं सांग. या शुक्रवारच्या सुट्टीत परत करू, खलास.'

पोरगी ताटावरून उठली. दारात थांबून आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. 'नोबडी बिलीव्ज मी,' एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी निरपराध माणसं खूप पाहिली आहेत. ती ओरडतात, हात जोडतात, शपथा घेतात, आणि कुणी ऐकत नाही म्हटल्यावर एकदम शांत होतात. ती शांतता मला ओळखीची होती, आणि आता ती माझ्या नातीच्या तोंडावर होती. शुक्रवारपर्यंत घोरपड जाणार होती ते वेगळंच. ही पोर आपल्याच घरात खोटारडी ठरत होती.

बुधवारी सकाळी मी ताक आणायला खाली गेलो. कोपऱ्यावर एका मल्याळी माणसाचं ग्रोसरीचं दुकान. मोठा बोलका गडी. सुटे पैसे देताना सहज म्हणाला, 'साब, आपका घर में पनीर बहुत खाता है! छोटा साब रोज दोपहर में एक पैकेट लेके ऊपर जाता.'

मी म्हटलं, 'रोज?'

'रोज! अभी तो मैं साब को देखके ही निकालके रखता.'

मी ताक घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तो विचार करतच. आम्हाला येऊन बरेच दिवस झाले होते. या काळात त्या घरात पनीरची एकही भाजी झाली नव्हती. भेंडी झाली, गवार झाली, मसूर झाली. फ्रिजमध्ये पनीर नव्हतं, कचऱ्यात पाकीट नव्हतं. मग खाणारं तोंड एकच उरत होतं, पेटीतलं. खबर अशीच येते बघा. खबऱ्याला तिची किंमत ठाऊक नसते. आणि माझ्या सरळ सरळ केसला पहिला तडा तिथेच गेला, कारण ज्याला मारायचं त्याला कुणी रोज पनीर चारत नाही.

दुपारी सापळा लावला. हिला सांगितलं, जावयांनी विचारलं तर मी झोपलोय म्हण. ही म्हणाली, 'आता मला खोटंही बोलायला लावा!' मी नातीच्या खोलीत दारामागच्या खुर्चीत जाऊन बसलो. बाहेर ताट-वाट्यांचा आवाज झाला, मोरी वाजली, आणि थोड्या वेळाने हळूच दार उघडलं.

जावई पाय न वाजवता आत आले. आधी दिवा बंद केला. मग एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग खिशातून पाकीट काढलं, पेटीपाशी मांडी घातली, आणि जो माणूस रोज 'ते ध्यान' म्हणून ओरडायचा तोच लाडे लाडे बोलायला लागला.

'काय रे बिस्किट, भाजलास ना? पोरगी भर उन्हाळ्यात दिवा लावून जाते, काय म्हणावं! थांब हं, आता गार होईल. घे, खा थोडं. अरे, असं नाही करायचं. त्या किड्यांनी काय पोट भरतं का बाबा? प्रोटीन आहे यात, घे.'

नातीच्या चिमट्यात पनीरचा तुकडा धरून ते त्या पिल्लाच्या तोंडासमोर हलवत होते. पिल्लू तोंड फिरवत होतं.

मी म्हटलं, 'जावईबापू, चिमटा खाली ठेवा.'

ते असे दचकले की डोकं पेटीच्या झाकणावर आपटलं. 'अण्णा! तुम्ही... झोपला नाहीत?'

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. आरोपी रंगेहाथ सापडला होता आणि गुन्हा काय, तर माया! मी दार लावून घेतलं आणि जबाब सुरू केला. कधीपासून? तर जनावर आणल्यापासून महिन्याभरात. दुपारी एकदा सहज डोकावले, तर त्याने जवळ येऊन जिभेने बोटाचा वास घेतला. 'एवढीशी जीभ हो अण्णा, दुभंगलेली.' मग रोजच जायला लागले. दिव्याखाली हात धरून बघितला तर चटका बसला. वाटलं, बिचारं बोलू शकत नाही, म्हणून सोसतंय.

'मग पोरीला विचारायचं होतंत.'

'काय विचारू? रोज ओरडतो मी त्याच्या नावाने. हसले असते सगळे.'

'आणि एसी? अहो, माळरानातलं जनावर ते. त्याला ऊन हवं असतं.'

यावर त्यांनी चिमटा पेटीच्या झाकणावर ठेवला. मग मान खाली घालून सांगू लागले. लग्नाआधी ते पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा कंपनीच्या जागेत एका खोलीत बरेच जण राहायचे. त्या उन्हाळ्यात खोलीतला एसी बंद पडला आणि मालकाने तो दुरुस्त केलाच नाही. टॉवेल ओला करून अंगावर घ्यायचा, तो वाळला की पुन्हा भिजवायचा. सकाळी साइटवर पुन्हा ऊन. एकदा बांधकामाच्या परांचीवरच चक्कर येऊन पडले, नशीब म्हणून वाचले. गावी आईला पत्रात लिहायचे, इथे सगळं छान आहे. 'तेव्हा ठरवलं अण्णा. माझं घर झालं की त्यात कुणालाही गरम होणार नाही. कुणालाही.'

मला वाईट वाटलं. कशाला नाकारू? माझ्या गुडघ्यांवर रोज सोडलेल्या त्या वाऱ्याचा अर्थही तेव्हा लागला. पण वाईट वाटलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. मी म्हटलं, 'ते सगळं खरं. पण काल पोरीला भर टेबलावर खोटं बोलू नकोस म्हणालात. दिवा कोण बंद करतं हे तुम्हाला ठाऊक होतं. तेव्हा घास गिळला कसा तुमच्या घशाखाली?'

'तोंडून निघून गेलं हो. आता एवढ्यावर आलंय... तिला सांगू नका. मी आजपासून बंद करतो हे सगळं. शुक्रवारी परत करायचं पण रद्द करतो. घरातलं घरात मिटवू या.'

घरातलं घरात मिटवू या! हे वाक्य मी ठाण्याच्या टेबलापलीकडून किती वेळा ऐकलं त्याला हिशोब नाही. मिटवतो तो सुटतो, आणि ज्याच्यावर आळ आलेला असतो तो आळ घेऊनच घरी जातो. मी ताडकन उठलो. 'मिटवायला मी काही पंच नाही. आज रात्री तुम्ही आपल्या तोंडाने तिला सांगायचं. नाहीतर उद्या सकाळी मी सांगतो, आणि मी सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही.'

दिवा मी लावला, एसी बंद केला. पण बिस्किट काही हललं नाही. नात शाळेतून आली आणि तिने त्याला हातात घेतलं तर मान लटकली, पोट टणक फुगलेलं. तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून आमची हीसुद्धा उंबरा ओलांडून आत आली. मुलीला फोन, जावयांना फोन. 'यल्ला, यल्ला,' म्हणजे चला चला, करत दोघं घरी पोचले आणि आम्ही चौघं गाडीत बसून जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो.

डॉक्टर सुदानी होते. धिप्पाड, शांत माणूस. त्यांनी पिल्लाच्या पोटावरून बोट फिरवलं, तोंड उघडून बघितलं, आणि इंग्रजीत नातीला विचारलं, 'खायला काय देतेस?'

'ओन्ली क्रिकेट्स, डॉक्टर. विथ कॅल्शियम.'

'आणखी?'

'नथिंग एल्स.'

डॉक्टरांनी पुन्हा पोट चाचपलं. 'आत काहीतरी अडकून सडलंय. हे किडे नाहीत. हबीबती, बेटा, मी रागावणार नाही, पण खरं सांग. काय आहे ते कळल्याशिवाय उपचार केला तर हा हातचा जाईल.'

'आय ॲम टेलिंग द ट्रुथ,' नात म्हणाली.

आणि माझी मुलगी, तिची सख्खी आई, म्हणाली, 'अगं, आता तरी खरं सांग एकदाचं! जीव जाईल त्याचा!'

पोरगी टेबलावरच्या पिल्लाकडे बघत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेली मुदत खड्ड्यात, म्हटलं, आणि बोलायला तोंड उघडणार एवढ्यात बाजूने आवाज आला.

'पनीर.'

जावई भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक. 'पनीर आहे ते, डॉक्टर. मी दिलं. रोज दुपारी. दिवाही मीच बंद करत होतो आणि एसी मीच लावत होतो. तिने काही केलेलं नाही. ती पहिल्यापासून खरं सांगत होती.' हे ते डॉक्टरांना सांगत होते, पण शेवटचं वाक्य त्यांनी मराठीत आणि पोरीकडे बघून म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. त्यांनी एवढंच म्हटलं, 'सर, तुम्ही या प्राण्याला फ्रिजमध्ये ठेवून जेवायला घातलंत.' मग त्यांनी त्याला कोमट पाण्यात धरलं, सुई दिली, औषध दिलं. रोज कोमट पाण्यात बसवा, भरपूर ऊब द्या, पोट मोकळं होईपर्यंत काही चारू नका. वाचेल का, असं नातीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'इन्शाल्ला.'

मुलीने नवऱ्याकडे असं काही बघितलं की मला माझ्या जुन्या ठाण्यातली कोठडी सुरक्षित वाटली. पण मग तिने पोरीला जवळ ओढलं आणि रडायलाच लागली. 'सॉरी गं बाळा. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता गं.' पोरगी ताठ उभी राहिली. बापाकडे तर तिने बघितलंही नाही.

परत येताना गाडीत ती पुढे बसली, मांडीवर बिस्किटचा खोका. शारजाकडे जाणाऱ्या गाड्यांची ही रांग, पाऊल-पाऊल सरकणारी. सूर्य मावळायला टेकला होता तरी बाहेर आग होती. गाडीतला एसी नेहमीसारखा भणाणत होता. जावयांनी एकदा त्या खोक्याकडे बघितलं, आणि हात पुढे करून एसी बंद केला.

मुलगी मागच्या सीटवरून काहीतरी बोलणार होती, मी तिचं मनगट दाबलं. गाडी बघता बघता तापली. माझा सदरा घामाने चिंब झाला. जावयांच्या कानामागून घामाचे ओघळ कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होते, स्टिअरिंगवरचे हात निसटत होते, पण त्यांनी बटणाला हात लावला नाही. बरंच अंतर गेल्यावर नात म्हणाली, 'बाबा, ओपन द विंडो. बिस्किटला हॉट एअर हवीय.'

तिने त्यांना बाबा म्हटलं. जावयांनी खिडकी खाली घेतली आणि तो भट्टीतला वारा आत घुसला. ते तोंड बाहेरच्या बाजूला वळवून गाडी चालवत होते, म्हणून डोळे मला दिसले नाहीत.

शुक्रवारी कुणी कुठे परत करायला गेलं नाही. पेटी उन्हाच्या खिडकीत हलली, काचेवरची काळी फिल्म जावयांनी स्वतः ब्लेडने खरवडून काढली. त्या खोलीत एसी लागायचा नाही, असं नातीने जाहीर केलं. दुपारी जेवून जावई तिथे जाऊन बसायचे, बनियनवर, घामाने निथळत, आणि आमची ही बाहेरून ओरडायची, 'अहो, निदान पाणी तरी प्या!' आम्ही भारतात परतलो तेव्हा बिस्किट दगडावर चढायला लागलं होतं, पण खात नव्हतं. काही दिवसांनी फोन आला. 'आजोबा, बिस्किट एट! बाबांच्या हातून. बाबा क्राइड.' मागून जावयांचा आवाज आला, 'काही रडलो बिडलो नाही हो अण्णा, घाम होता.'

नोकरीत माझा प्रत्येक तपास वैरापासून सुरू व्हायचा. कुणाशी भांडण होतं, कोण जळत होतं, कुणाला फायदा होणार होता. इथेही मी तेच केलं आणि चुकीच्या हेतूवर बरोबर माणूस धरला. तो दुकानदार सहज बोलला नसता तर मी जावयांना वैरी ठरवून मोकळा झालो असतो. आता सोसायटीतले लोक घरच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात, सुनेने हे केलं, मुलाने ते केलं. मी कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे विचारत नाही. आधी विचारतो, तुमच्या घरात सगळ्यांची सगळ्यात जास्त काळजी कोण करतं? ते नाव सांगतात. मग मी त्याच माणसाला एकट्याला बोलावून घेतो आणि त्याच्यासमोर चहा ठेवतो.